तोंड नाही, आतडं नाही. मग पट्टकृमी (टेपवर्म) चरबी आत घेतो कशी?

प्रश्न प्राणिशास्त्राच्या एका एम.एस्सी. विद्यार्थिनीचा आहे. तिने कत्तलखान्यातून आणलेल्या शेळीच्या लहान आतड्यातून मोनिझिया नावाचे पट्टकृमी काढले, त्यांतली प्रथिनं, ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि लिपिड (चरबी) मोजली आणि शेजारी होस्टच्या, म्हणजे कृमी ज्याच्या अंगात राहतो त्या शेळीच्या, आतड्याचे आकडे मांडले. आता गाइड विचारतात : या प्राण्याला तोंड नाही, पचनसंस्था नाही, मग ही चरबी आत गेली कशी? ती तो जाळतो का? आणि कृमीतलं लिपिड आतड्यापेक्षा कमी निघालं, त्याचा अर्थ काय लावायचा?

व्हायवा (तोंडी परीक्षा) उद्यावर आला असेल तर थोडक्यात उत्तर आधी घ्या. पट्टकृमी चरबी अंगाच्या पृष्ठभागातून घेतो. ती पचवण्याचं काम होस्टनं आधीच उरकलेलं असतं आणि पित्तक्षारांनी मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड, चरबीचे सुटे तुकडे) पाण्यातून वाहून नेण्याजोगी केलेली असतात. कृमी ती टेग्युमेंटमधून, म्हणजे अंगावरच्या आवरणातून, आत घेतो, आत गेल्यावर छोटी प्रथिनं ती उचलून इकडून तिकडे नेतात. ही चरबी तो जाळत नाही, अंग बांधायला आणि अंडी भरायला वापरतो, कारण लांब साखळीचं एकही मेदाम्ल त्याला मुळापासून तयार करता येत नाही. आणि तुमच्या तक्त्यातली तुलना आता मांडली आहे तशी ठेवू नका. आता सविस्तर.

कारमाइनने रंगवलेल्या स्लाइडवर टेग्युमेंट म्हणजे कडेची एक फिकट रेघ दिसते आणि तेवढंच डोक्यात राहतं. जुन्या पुस्तकांत तर त्याला क्युटिकल म्हणत, म्हणजे निर्जीव कवचच. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर ही समजूत मोडीत निघाली. टेग्युमेंट जिवंत आहे. बाहेरचा थर सलग जीवद्रव्याचा असतो, मध्ये पेशी वेगळ्या करणारी पटलं नाहीत. केंद्रकं खाली, स्नायूंच्या थराच्या आत दडलेली असतात आणि बारीक नळीसारख्या दुव्यांनी वरच्या थराशी जोडलेली असतात. वरच्या बाजूला लाखो सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना मायक्रोट्रिक्स म्हणतात. आपल्या आतड्यातल्या मायक्रोव्हिलायशी त्यांचं नातं लगेच लक्षात येतं. फरक एवढाच की यांच्या टोकाला गडद, टणक काटा असतो. यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं. त्याच्यावर साखरयुक्त रेणूंचा पातळ लेप असतो, ग्लायकोकॅलिक्स. या लेपावर होस्टची विकरं आणि पित्तक्षार चिकटून बसतात. हा मुद्दा पुढे दोनदा लागणार आहे.

ग्लुकोज आणि अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांचा मामला सोपा. पटलात वाहक प्रथिनं असली की काम झालं. चरबीचं तसं नाही. खाल्लेल्या तेल-तुपातली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते. तो रेणू पाण्यात विरघळत नाही आणि आहे तसा पटलातूनही जात नाही. आपल्यासारख्या प्राण्यांत स्वादुपिंडाचं लायपेज त्याची दोन मेदाम्लं तोडतं आणि एक मोनोग्लिसराइड उरतं. मग पित्तक्षार पुढे येतात. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे तोंड करते, दुसरी चरबीकडे, आणि काही नॅनोमीटर आकाराचे गोळे तयार होतात. यांनाच मिसेल म्हणतात. आतड्याच्या भिंतीलगत जवळजवळ न ढवळला जाणारा पाण्याचा पातळ थर असतो. सुटं मेदाम्ल त्यातून फार थोडं पार होतं, मिसेलमधून मात्र भराभर पोचतं. असा स्थिर थर कृमीच्या अंगालगतही असतो, म्हणजे अडचण तीच आणि उपायही तोच.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. या विषयातलं बहुतेक मूळ काम पांढऱ्या उंदरातल्या (रॅटमधल्या) हायमेनोलेपिस डिमिन्युटा या कृमीवर झालं. तो प्रयोगशाळेत पाळायला सोपा. त्याचा मधला होस्ट पिठातला भुंगेरा, शेवटचा होस्ट उंदीर, आणि कृमी जिवंत काढून बाटलीतल्या द्रावणात सोडता येतो. बेली आणि फेअरबर्न यांनी १९६८ मध्ये दाखवलं की पित्तक्षारांच्या मिसेलमधून हा कृमी मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइडं दोन्ही शोषतो. मोनोग्लिसराइड तोडणारं विकरही त्याच्याकडे असल्याचं आढळलं. म्हणजे शेवटचा एक तुकडा तो स्वतः पाडू शकतो. ट्रायग्लिसराइड फोडण्याचं मोठं काम मात्र त्यानं होस्टवर सोडलेलं आहे. उलट, कृमीच्या संपर्कात स्वादुपिंडाचं लायपेज मंदावतं असं १९७० च्या दशकात नोंदलं गेलं. पाठ्यपुस्तकात यातलं अर्धवट वाक्य येतं, 'कृमी पाचक विकरांना रोखतो', आणि विद्यार्थी विचारात पडतात की मग त्याचं स्वतःचं पोट कसं भरतं. रोखलं जातं ते त्याच्या अंगाला लागलेलं विकर. दोन बोटं पलीकडे, आतड्याच्या पोकळीत, होस्टचं पचन व्यवस्थित चालू असतं आणि कृमीला पाहिजे तो माल तिथूनच मिळतो.

आता तुमच्या शेळीकडे येऊ, कारण उंदराचं सगळं शेळीला जसंच्या तसं लागू होत नाही. बहुतेक प्रबंधांत नेमकं हेच सुटतं. रवंथ करणाऱ्या जनावरात चरबीचं पचन रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातच, सुरू होतं. तिथले सूक्ष्मजीव ट्रायग्लिसराइड फोडून टाकतात, ग्लिसरॉल आंबवून संपवतात आणि वर मेदाम्लांतले दुहेरी बंधही भरून काढतात. शेळीने हिरव्या पाल्यातून लिनोलेनिक आम्ल खाल्लं तरी लहान आतड्यात पोचतं ते मुख्यतः स्टिअरिक आम्ल, संतृप्त (दुहेरी बंध नसलेलं) आणि सुटं, चाऱ्याच्या कणांना व जिवाणूंना चिकटलेलं. म्हणजे शेळीच्या आतड्यात मोनोग्लिसराइड जवळपास नसतंच. मग मिसेल कशी बनते? पित्तातून आलेल्या लेसिथिन या चरबीवर स्वादुपिंडाचं फॉस्फोलायपेज काम करतं आणि लायसोलेसिथिन तयार होतं. मोनोग्लिसराइडची जागा ते घेतं आणि स्टिअरिक आम्लासारखं हट्टी मेदाम्लही मिसेलमध्ये ओढतं. शिवाय या जनावरांच्या लहान आतड्याचा वरचा भाग बराच आम्लधर्मी असतो. त्यांच्या पित्तात टॉरिनला जोडलेले क्षार जास्त असतात, आणि ते अशा आम्लतेतही विरघळलेले राहतात. मोनिझिया राहतो तो याच मिसेलांच्या सान्निध्यात. गाइडनी 'चरबी कुठून आली' विचारलं की उत्तर रुमेनपासून सुरू करा, कृमीपासून नको.

मिसेल अंगाशी पोचल्यावर पुढे काय? मिसेल अख्खी आत जात नाही. तिच्यातून मेदाम्ल सुटतं आणि पटलाच्या दुहेरी थरात शिरतं. इथे आम्लतेचा हात असावा असं मला वाटतं. हायमेनोलेपिस आजूबाजूचं द्रावण आम्लधर्मी करतो, सामू (pH) सुमारे ५ पर्यंत उतरतो, हे १९८३ मध्ये नीट दाखवलं गेलं. त्या कामाचा रोख ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकरावर होता. पण आम्लधर्मी पाण्यात मेदाम्लावरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि भार नसलेलं मेदाम्ल पटल सहज ओलांडतं, हे साधं रसायनशास्त्र आहे. कृमी स्वतःच्या चयापचयातून जी सेंद्रिय आम्लं बाहेर टाकतो, त्यांचा असाही फायदा त्याला होत असेल.

पटल ओलांडणं आपोआप होतं की वाहक लागतो, यावर जुना वाद आहे. अ‍ॅसिटेटसारख्या आखूड साखळीच्या आम्लांबाबत शंका नाही. त्यांचं शोषण एका मर्यादेला येऊन थांबतं आणि ती एकमेकांची वाट अडवतात. दार असल्याची ही खूण. लांब साखळीच्या आम्लांचे प्रयोग वाचताना मात्र जपून वाचा. द्रावणात दुसरं मेदाम्ल घातलं की वाहकासाठीची स्पर्धा बदलते, तशी मिसेलची घडणही बदलते, आणि आकडा कशामुळे हलला हे सांगणं कठीण जातं. व्हायवात 'दोन्ही मार्ग आहेत' एवढं म्हणून थांबलात तरी चालेल. परीक्षकाने जास्त खोदलं तर मिसेलची अडचण सांगा. अभ्यास केलाय हे त्यावरून कळतं.

आत शिरलेलं मेदाम्ल मोकळं फिरू दिलं तर ते साबणासारखं पटलं विस्कटेल. म्हणून ते लगेच प्रथिनांच्या ताब्यात जातं. या प्रथिनांचे दोन गट लक्षात ठेवा. पहिला गट मेदाम्ल बांधणाऱ्या प्रथिनांचा, साधारण १५ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं एकक). ती जवळपास सगळ्या प्राण्यांत सापडतात, तुमच्या-माझ्या आतड्यातही. दुसरा गट खास पट्टकृमींचा : ७ ते ८ किलोडाल्टनचे छोटे घटक, अनेक एकत्र येऊन मोठा समूह करणारे, आणि चरबीसारखे पाणी टाळणारे रेणू धरून ठेवणारे. तुमच्या दृष्टीने मजेची गोष्ट म्हणजे या गटातलं एक प्रथिन मोनिझिया एक्स्पान्सामधूनच वेगळं काढलं होतं. जॅन्सेन आणि बॅरेट यांनी ते १९९५ मध्ये वर्णिलं. शेळ्या-मेंढ्यांतल्या ज्या कृमीला आपण केवळ पाठ्यपुस्तकातलं उदाहरण समजतो, त्याच्यावर झालेलं हे काम तुमच्या संदर्भसूचीत नसेल तर ते कुणालाही खटकेल.

आता गाइडच्या प्रश्नाच्या मागचा खरा प्रश्न : कृमीला एवढा खटाटोप का करावा लागतो? कारण स्वयंपाकाची सोयच नाही. १९६६-६७ च्या सुमारास फेअरबर्न यांच्या प्रयोगशाळेत किरणोत्सारी कार्बनची खूण केलेलं अ‍ॅसिटेट हायमेनोलेपिसला दिलं गेलं. मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी बांधली जाते. कृमीनं ती सुरुवातीपासून बांधली असती तर खूण साखळीभर ठरावीक अंतराने उमटली असती. पण ती सापडली टोकाला, नंतर जोडलेल्या तुकड्यांत. अर्थ सरळ आहे : होस्टकडून तयार साखळी घ्यायची आणि हवी तर लांबवायची, एवढंच त्याला जमतं. साखळीत दुहेरी बंध घालताही येत नाही. स्टेरॉलचीही हीच कथा. कोलेस्टेरॉलकडे जाणारी वाट तो अर्ध्यापर्यंत चालतो, फार्नेसॉलपाशी थांबतो; त्याच्या पटलांतलं कोलेस्टेरॉल होस्टचं असतं. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये चार पट्टकृमींचे जनुकसंच प्रसिद्ध झाले आणि त्यांतूनही हेच निघालं : मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल मुळापासून बनवण्याची जनुकं गायब, आणि चरबी धरणाऱ्या प्रथिनांची जनुकं मात्र सर्वांत जोरात चालणाऱ्यांपैकी. अर्धशतकापूर्वी बाटलीतल्या कृमीवरून काढलेला निष्कर्ष जनुकांत जसाच्या तसा लिहिलेला सापडावा, असं आमच्या विषयात फार वेळा होत नाही.

मिळालेल्या मेदाम्लांपासून ट्रायग्लिसराइड आणि फॉस्फोलिपिड जोडण्याचं काम मात्र कृमी स्वतः करतो. त्यासाठी लागणारा ग्लिसरॉलचा कणा बऱ्याच अंशी ग्लुकोजमधून येतो. म्हणून होस्टच्या आहारात पिष्टमय पदार्थ कमी झाले की कृमीची सगळी वाढ खुंटते. चरबी भरपूर असली तरी उपयोग नसतो.

जाळण्याचा प्रश्न. उत्तर नाही असंच आहे आणि त्याचं कारण सांगता आलं पाहिजे, नुसतं 'विकरं नाहीत' म्हणून भागणार नाही. मेदाम्ल तोडणारी विकरं काही पट्टकृमींत सापडली आहेत. अडचण पुढची आहे. मेदाम्लात हायड्रोजन भरपूर आणि ऑक्सिजन नाममात्र. ते तोडायचं तर निघालेले इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यावे लागतात, आणि आपल्या शरीरात ते शेवटी ऑक्सिजन घेतो. आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन अगदी कमी. ग्लुकोजचं बरं असतं. त्याचा एक भाग इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो, आणि सक्सिनेट, अ‍ॅसिटेट, लॅक्टेट बाहेर टाकून ऊर्जा मिळवता येते. मेदाम्लाला अशी सोय नाही. म्हणून कृमीचं इंधन ग्लायकोजेन. तुमच्या तक्त्यात ग्लायकोजेन भरपूर आलं असेल. पट्टकृमींत कोरड्या वजनाच्या २० ते ५० टक्के ग्लायकोजेन असणं नेहमीचं आहे. होस्टला उपाशी ठेवलं की ते झपाट्याने उतरतं, चरबी तशी उतरत नाही.

मग कोरड्या वजनात १०, २०, काहींत ३० टक्क्यांपर्यंत लिपिड कशासाठी? एक भाग पटलांसाठी, आणि रोज नवे खंड काढणाऱ्या प्राण्याला पटलं फार लागतात. दुसरा अंड्यांसाठी. एक हायमेनोलेपिस दिवसाला २ लाखांवर अंडी टाकू शकतो. प्रत्येक अंड्यात थोडी जरी शिदोरी भरायची म्हटली तरी हिशेब मोठा होतो. उरलेलं ट्रायग्लिसराइड मागच्या, जुन्या खंडांत साठत जातं आणि ग्रॅव्हिड, म्हणजे अंड्यांनी भरलेल्या, खंडांबरोबर गळून जातं. तो साठा पुढे कधी वापरला जात नसेल, तर त्याला साठा तरी का म्हणायचं? आलेलं मेदाम्ल परत बाहेर ढकलण्यापेक्षा निरुपद्रवी रूपात बांधून मागच्या डब्यात ठेवून देणं कृमीला सोयीचं पडत असावं.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो, कारण हा विषय निघाला की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं : टेपवर्म पोटात असला की अंगावरची चरबी झडते का? नाही. कृमी आतड्याच्या पोकळीत असतो, तुमच्या पोटावरच्या वळ्यांशी त्याचा संबंध नाही. तो घेतो ती जेवणातली आणि पित्तातली चरबी, तीही स्वतःच्या अंगापुरती. वजन घटवायला कृमीची अंडी गिळण्याचा अघोरी प्रकार कुणी सुचवलाच तर एवढं सांगा की डुकरातल्या टीनिया सोलियमची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन बसू शकतात आणि फिट्स येऊ शकतात. शाकाहारी माणसालाही न धुतलेल्या भाजीतून हे होऊ शकतं.

पित्ताबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कृमीला पित्त हवं असतं आणि तेच त्याला मारूही शकतं. १९६३ मध्ये स्माइथ आणि हेझलवूड यांनी कुत्र्यात वाढणाऱ्या एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीतल्या कोवळ्या डोक्यांवर वेगवेगळे पित्तक्षार घातले. डिऑक्सिकोलिक आम्लाने त्यांचं टेग्युमेंट अक्षरशः विरघळलं. कुत्र्याच्या पित्तात ते फार थोडं असतं, गवत खाणाऱ्या काही प्राण्यांत भरपूर. एखादा कृमी कुत्र्यात वाढतो आणि सशात का वाढत नाही, याचं एक उत्तर त्या आतड्यातल्या साबणाच्या जातीत दडलेलं असू शकतं. उंदराला पित्ताशयच नसतं, पित्त सतत झिरपत असतं; त्यातला हायमेनोलेपिस रात्री उंदीर खायला लागला की आतड्यात पुढे, जठराकडे सरकतो आणि नंतर मागे येतो. खाण्याची वेळ दिवसावर ढकलली की त्याची ये-जाही बदलते. तोंड नसलेल्या प्राण्याला जेवणाची वेळ कळते, ती अशी.

आतड्याबाहेर राहणाऱ्या अळ्यांचं गणित वेगळं. कत्तलखान्यात यकृत-फुप्फुसावर हायडॅटिडच्या, म्हणजे एकायनोकॉकसच्या अळीच्या, पाण्याने भरलेल्या गाठी तुम्ही पाहिल्या असतील. (नमुने घेऊन झाल्यावर असे अवयव कुत्र्यांपुढे टाकू देऊ नका, एकायनोकॉकसचं चक्र असंच फिरत राहतं.) त्या गाठीला ना मिसेल मिळते ना पित्त. तिला चरबी मिळवावी लागते आजूबाजूच्या ऊतींतून आणि रक्तद्रवातून. गाठीतल्या पाण्यात अँटिजेन बी नावाचं प्रथिन विपुल असतं. हायडॅटिडच्या रक्तचाचण्यांमुळे ते डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. ते मघाशी सांगितलेल्या छोट्या घटकांच्या गटातलंच, सुमारे ८ किलोडाल्टनचे तुकडे एकत्र येऊन झालेलं, आणि त्याच्या एकूण वजनात निम्म्याच्या आसपास चरबी असते : ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल. आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात, त्या धर्तीचा कण कृमीनं वेगळ्याच प्रथिनापासून घडवला आहे. या गाठींवर दिलं जाणारं अल्बेंडाझोल स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायला सांगतात, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि चरबीबरोबर त्याचं शोषण अनेक पटींनी वाढतं.

आता तुमचा तक्ता. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात आणि तिथून पुढे मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत पट्टकृमींच्या वर्गीकरणावर भरपूर काम झालं, आणि त्याला जोडून शेळ्या-मेंढ्यांतल्या मोनिझिया, स्टिलेसिया, अ‍ॅव्हिटेलिना यांची प्रथिनं-ग्लायकोजेन-लिपिड मोजण्याची प्रथा पडली. प्रथा वाईट नाही. पण निष्कर्षात एकच वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातं : 'कृमीतलं लिपिड होस्टपेक्षा कमी, म्हणजे कृमी होस्टचं अन्न घेऊन जगतो.' कमी आलं तरी हेच, जास्त आलं तरी हेच. जे वाक्य दोन्ही निकालांना चालतं, त्याला निष्कर्ष म्हणता येत नाही. आतड्याची भिंत ही ऊती आहे, तिच्यात स्नायू आहे, बाहेरून आतड्याची चरबी चिकटलेली असते. ती खरवडून काढली होती का? कृमीची तुलना करायचीच असेल तर आतड्यातल्या द्रवाशी करा, तोही कृमी जिथे चिकटला होता त्या टप्प्यातला.

कृमी धुण्याबद्दलही लिहा. मिसेल आणि श्लेष्मा ग्लायकोकॅलिक्सला चिकटून राहतात. कृमी नुसता टिपकागदावर टेकवून वजन केलं तर होस्टची चरबी कृमीच्या नावावर जमा होते. कोमट सलाइनमध्ये दोन-तीन वेळा, सलाइन बदलून, हलक्या हाताने. थंड सलाइन नको. कृमी आखडतो आणि घड्यांत घाण अडकते. ओल्या वजनावर आकडे देऊ नका. पट्टकृमी पाणी धरतो-सोडतो, त्यामुळे ओलं वजन एका तासात बदलतं.

त्याहून महत्त्वाचं, अख्खा कृमी एकत्र वाटू नका. मोनिझिया एक्स्पान्सा काही मीटर लांब होतो. मानेजवळचे कोवळे खंड आणि शेपटाकडचे अंड्यांनी भरलेले खंड यांच्यात चरबीचं प्रमाण आणि प्रकार दोन्ही वेगळे असतात. पुढचा, मधला आणि ग्रॅव्हिड असे तीन गट केलेत तरी तुमच्या आकड्यांतला मोठा विस्कळीतपणा जाईल. आणि जात पक्की करा. दोन खंडांच्या मधल्या ग्रंथींची ओळ रुंदीभर पसरली असेल तर एक्स्पान्सा, मधोमध आखूड असेल तर बेनेडेनी. एकाच शेळीत दोन्ही सापडू शकतात आणि मिसळून मोजले जातात.

शेवटी व्हॅनिलिन. तुम्ही क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड काढून सल्फो-फॉस्फो-व्हॅनिलिनने रंग मोजला आहे आणि स्टँडर्ड म्हणून ऑलिव्ह तेल वापरलं आहे, असं प्रश्नात लिहिलंय. हा गुलाबी रंग येतो तो मुख्यतः दुहेरी बंधांमुळे. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर, म्हणून रंग झकास येतो. पण वर सांगितल्याप्रमाणे शेळीच्या आतड्यात येणारी मेदाम्लं मुख्यतः संतृप्त, आणि कृमीला स्वतः दुहेरी बंध घालता येत नाही. आतड्याच्या ऊतीकडे ते विकर असतं. ती स्टिअरिकचं ओलिक करू शकते. तेव्हा दोन्हींत लिपिड समान असलं तरी कृमीचं रीडिंग कमी येण्याची पुरेपूर शक्यता आहे, आणि तुमचा 'कमी निघालं' हा निकाल कदाचित एवढ्यावरच उभा आहे. उरलेला अर्क असेल तर तो टाकू नका. वजन करून ठेवलेल्या छोट्या कुपीत विद्रावक नायट्रोजनखाली उडवा, कुपी पुन्हा वजन करा, आणि तो आकडा व्हॅनिलिनच्या आकड्याशेजारी लिहा. फ्रीजमध्ये ठेवायचा तर काचेच्या कुपीत, टेफ्लॉनच्या झाकणाने. प्लॅस्टिकच्या नळीत क्लोरोफॉर्म ठेवलंत तर प्लॅस्टिकचंच काहीतरी लिपिड म्हणून मोजाल. आणि जवळपास कुठे गॅस क्रोमॅटोग्राफी करून मिळत असेल तर कृमी, आतड्यातला द्रव आणि शेळीचं पित्त असे तीन नमुने द्या. कृमीतली असंतृप्त मेदाम्लं पित्ताच्या लेसिथिनमधून येतात का, हे त्यातून दिसेल, आणि तुमच्या प्रबंधात नवं काही असेल तर ते तिथेच असेल.